तटाच्या वाटेने चांदा

शाळाशाळांतून सहामाही परीक्षा आटोपल्या, की सहलीची बोलणी सुरू होतात. वर्गशिक्षक वर्गणीचा आकडा सांगतात, मुले घरी येऊन आईच्या मागे लागतात, आणि चार दिवसांत एक मोटार ठरते. मोटार ठरली म्हणजे सहल ठरली, अशी एक समजूत आपल्याकडे रूढ आहे. कोठे जावयाचे हे बहुधा आदल्या वर्षीच्या यादीवरून ठरते. तेथे जाऊन काय पाहावयाचे, याचा विचार मात्र मोटार सुटल्यावरही होत नाही. मग एका दिवसात सहा स्थळे, प्रत्येक स्थळी वीस मिनिटे, आणि त्यांतील दहा मिनिटे मुले मोजण्यात! घरी परतल्यावर मुलाला विचारावे, ‘काय पाहिलेस?’ तर तो वाटेतल्या भज्यांचे वर्णन करतो. त्यात त्याचा दोष फारसा नाही.

स्पेन देशात जुनी शहरे पुष्कळ आहेत, आणि विद्यार्थ्यांचे गट ती पाहावयास दूरदूरहून येतात. टोलेदो शहरास ताहो नदीने तीन बाजूंनी वेढले आहे. कॉर्दोबात मशिदीच्या खांबांच्या राईत मध्येच ख्रिस्ती मंदिर उभे आहे. आव्हिला शहराचा मध्ययुगीन तट तर आजही जवळजवळ अखंड आहे. या तटाची लांबी सुमारे अडीच किलोमीटर. प्रवासी त्याच्या बऱ्याचशा भागावर चढून चालतात, आणि चालता चालता त्यांना शहर कळते. १९८५ साली आव्हिलाची गणना जागतिक वारशात झाली.

आता नागपूरच्या दक्षिणेस दीडशे किलोमीटरांवर काय आहे ते पाहावे. चांदा शहर, म्हणजे १९६४ पासूनचे चंद्रपूर, एका तटाच्या आत वसलेले आहे, आणि त्या तटाची लांबी सुमारे अकरा किलोमीटर भरते. आव्हिलाचा तट चार वेळा गुंडाळावा एवढी! चार मोठे दरवाजे, पाच खिडक्या, दोन बाजूंस दोन नद्या, आणि आत नांदते शहर. या तटाच्या पायथ्याशी ज्यांचे बालपण गेले अशा कित्येकांनी त्याची प्रदक्षिणा एकदाही केलेली नाही, मग नागपूर-अमरावतीच्या शाळांची गोष्ट दूरच राहिली. चांद्याच्या नावाने मोटार निघते ती ताडोबाच्या वाघाकडे. वाघ अवश्य पाहावा. पण वाघ दिसणे हे वाघाच्या मर्जीवर असते. तट कोठे जात नाही.

इमारत पाहणे आणि शहर पाहणे यांत अंतर आहे. इमारतीपुढे उभे राहून ती कोणी व केव्हा बांधली एवढे कळले, की काम भागते. शहरापुढे मात्र निराळा प्रश्न विचारावा लागतो: माणसांनी राहण्यासाठी हीच जागा का निवडली? आणि पुढे ती सोडली असेल तर का सोडली? वर्धा आणि वैनगंगा या दोन नद्यांमधील व वैनगंगेच्या पलीकडील या रानपट्ट्यात हा प्रश्न विचारण्याजोगी चार-पाच स्थळे एका फेरीत येतात. भद्रावती, चंद्रपूर, बल्लारपूर, मग पूर्वेकडे वळून मार्कंडा, आणि उत्तरेकडे परतताना वैरागड. चार दिवस पुरेत. काळ मार्गशीर्ष-पौषाचा धरावा. उन्हाळ्यात येथील पारा ४५ अंशांच्या वर जातो आणि दगड हात लावू देत नाही.

भद्रावतीचे जुने नाव भांदक, आणि रेल्वेच्या स्थानकावर अजून तेच आहे. गावाशेजारच्या विजासन टेकडीत बौद्ध लेणे खोदलेले आहे. बाहेरून पाहता विशेष काही दिसत नाही. आत शिरले की एक सरळ बोगद्यासारखी वाट डोंगराच्या पोटात सत्तर फुटांच्या आसपास जाते, आणि तिच्या टोकाशी काळोखात आसनस्थ बुद्धाची भव्य मूर्ती आहे. प्रवेशद्वारापासून उजवीकडे व डावीकडे अशाच आणखी दोन वाटा फुटतात, त्यांच्याही टोकाशी गाभारा व मूर्ती. अजिंठ्याची रुंद दालने पाहिलेल्या मुलास हा नमुना चमत्कारिक वाटेल. वाटणे इष्टच आहे. दिवे विझवून क्षणभर उभे राहिले, तर अशा जागी ध्यान का करीत असावेत हे व्याख्यानावाचून समजते.

त्याच गावात भद्रनागाचे देऊळ आहे, तेथे नागपंचमीस यात्रा भरते. आणि पार्श्वनाथाचे मोठे जैन मंदिर आहे, त्यासाठी दूरदूरचे यात्रेकरू येतात. बुद्धाच्या, नागाच्या आणि ज्याच्या मस्तकावर नागफणा आहे अशा तीर्थंकराच्या उपासना एकाच गावच्या शिवेत आढळतात. शिवाय येथे राष्ट्रकूट राजा पहिला कृष्ण याचा शके ६९४ चा, म्हणजे इसवी सन ७७२ चा ताम्रपट सापडला आहे. ह्युएन त्संग या चिनी यात्रेकरूने सातव्या शतकात वर्णिलेली कोसल देशाची राजधानी ती हीच, असे जनरल कनिंगहॅम यांचे मत होते. ते सर्वांस मान्य झाले नाही; पण असा वाद ज्या गावाविषयी होऊ शकतो ते गाव लहान नव्हते, इतके खास. तलावात बेटावर जाण्यासाठी बांधलेला जुना पूल मुलांनी मुद्दाम पाहावा. त्यास कमानी नाहीत. दगडी खांबांच्या दोन ओळी उभ्या करून त्यांवर दगडाच्याच जड तुळया आडव्या टाकल्या आहेत. कमान बांधण्याऐवजी खांब व तुळई यांवर भार तोलण्याची आपल्याकडील जुनी रीत देवळात जशी दिसते तशीच ती येथे पाण्यात उतरली आहे. भूमितीच्या शिक्षकांना येथे अर्धा तास द्यावा.

चंद्रपूर मात्र दोन पूर्ण दिवस मागते.

या शहराच्या जन्माची कथा सर्वांस ठाऊक असते, निदान असावी. गोंड राजा खांडक्या बल्लाळशहा याच्या अंगावर गाठी होत्या. राणीच्या सल्ल्याने त्याने जुनी राजधानी सोडून वर्धेच्या काठी बल्लारपूरचा किल्ला बांधला. एकदा शिकारीस गेला असता झरपट नदीच्या कोरड्या पात्रातील एका खळग्यातल्या पाण्याने त्याने तोंड धुतले आणि त्या गाठी नाहीशा झाल्या. तेथे अंचलेश्वराचे स्थान झाले. पुढे त्याच रानात त्याने एक नवल पाहिले. कपाळावर पांढरा ठिपका असलेला एक ससा राजाच्या कुत्र्याचा पाठलाग करीत होता. राणी म्हणाली, हा शुभ शकुन आहे, ससा ज्या वाटेने धावला त्या वाटेने तट बांधा. हा काळ सामान्यतः पंधराव्या शतकाच्या उत्तरार्धातला मानतात.

मुले विचारतील, हे खरे का? त्यांस सांगावे, की सशाने कुत्र्याचा पाठलाग केल्याची हीच कथा विजयनगराविषयी आणि अहमदाबादेविषयीही सांगतात. एकच कथा तीन राजधान्यांस चिकटते, तेव्हा ती घडलेल्या गोष्टीची नोंद नसून लोकांच्या श्रद्धेची नोंद असते. या भूमीत दुबळाही शूर होतो, असे त्या कथेचे म्हणणे आहे. मात्र कथेतला एक तपशील फेकून देण्याजोगा नाही. ससा सरळ धावला नाही, म्हणून तट वाकडातिकडा आहे, असे लोक सांगतात. तट वाकडातिकडा आहे ही गोष्ट खरी. तिचे कारण शोधावयाचे असेल तर तटाबरोबर चालले पाहिजे.

चालण्यास उत्तरेच्या जटपुरा दरवाजातून आरंभ करावा, आणि तोही सकाळी लवकर. कारण दिवस वर आला म्हणजे त्या एका दरवाजातून शहराची सगळी वाहने आतबाहेर करू लागतात आणि मुलांस मान वर करून पाहण्याची सोय राहत नाही. दरवाजावर हत्तीस नमविणाऱ्या सिंहाचे शिल्प आहे. हे गोंड राजांचे चिन्ह, आणि या राज्यातील इतर किल्ल्यांवरही ते भेटते. एकदा ओळखले म्हणजे मुले पुढे ते आपण होऊन शोधतात. जटपुऱ्याहून पूर्वेकडे वळले की बगड खिडकी आणि रामाळा तलाव. खिडकी म्हणजे येथे घराची खिडकी नव्हे. तटातील लहान दरवाजास खिडकी म्हणतात. बगड, हनुमान, विठोबा, चोर आणि मसण अशी पाच खिडक्यांची नावे. नावांवरूनच शहराचा व्यवहार कळतो. मोठ्या दरवाजातून राजाची स्वारी, धान्याच्या गाड्या व व्यापारी जात. शहरातून शेवटची यात्रा निघे ती मात्र मसण खिडकीने.

पूर्वेचा अंचलेश्वर दरवाजा झरपटेकडे उघडतो, पश्चिमेचा बिनबा दरवाजा इरईकडे, आणि दक्षिणेचा पठाणपुरा दरवाजा दोहोंच्या संगमाकडे. येथवर चालून आलेल्या मुलास कागद देऊन नकाशा काढावयास सांगितले, तर तो दोन बाजूंस दोन रेषा काढील आणि त्या खाली एकत्र मिळवील. मग त्याचे त्यालाच दिसेल की शत्रूस मोकळी वाट उत्तरेकडूनच होती. टोलेदोच्या राजांनी नदीकडून जे काम करून घेतले तेच येथे दोन नद्यांकडून करून घेतले आहे. मात्र या नद्या केवळ पहारेकरी नाहीत. पावसाळ्यात इरई फुगली म्हणजे झरपटेचे पाणी पुढे सरकत नाही, आणि पूर तटाच्या अंगाशी येऊन लागतो. त्या दिवशी तट शत्रूसाठी उभा नसून पाण्यासाठी उभा असतो. तटाची वळणे आणि पुराच्या पाण्याची चढती रेषा यांचा काही संबंध दिसतो काय, हे मुलांनी प्रत्यक्ष जागेवर पाहावे आणि तेथील वृद्धांस विचारावे. तटाजवळ राहणारी म्हातारी माणसे पुराचे पाणी कोठवर आले होते ते बोटाने दाखवितात.

एवढे बांधकाम एका राजाच्या हातून झालेले नाही. कित्येक पिढ्या ते चालू होते. गोंड राजांचा या बाबतीतील एक विचार शहाण्यासुरत्या घरांतूनही अपरिचित असतो. रान तोडून जो गाव वसवील, जो तलाव बांधील, त्यास जमीन तोडून द्यावयाची अशी त्यांची रीत होती. अशा देणगीस तुकूम म्हणत. चंद्रपुरातील एका मोठ्या वस्तीचे नाव आजही तुकूम आहे, आणि तेथे राहणाऱ्या शेकडो घरांना आपल्या पत्त्यात एक राजाज्ञा लिहिली जाते याची कल्पना नसते. या भागात आज जे तलाव दिसतात त्यांमागे अशी आज्ञा व कोणा कुणब्या-कोहळ्यांचे कष्ट आहेत. गोंड म्हणजे रानात राहणारे, एवढेच पाठ्यपुस्तकातून शिकलेल्या मुलास तट आणि तलाव ही दोन्ही दाखविली, म्हणजे ते मत आपोआप दुरुस्त होते.

अंचलेश्वर दरवाजाजवळ गोंड राजांच्या समाध्या आहेत. येथे घाई करू नये. सर्वांत मोठी समाधी बीरशहा राजाची. या राजाच्या मुलीचा अपमान तिच्या देवगडच्या सासरी झाला, तेव्हा जावयाचे शिर महाकालीस वाहीन असा नवस करून तो चालून गेला आणि त्याने तो फेडला, अशी कथा सांगतात. पुढे स्वतः बीरशहाचा खून झाला. त्याच्या मागे राणी हिराईने दत्तकपुत्र रामशहाच्या नावाने राज्य चालविले. अठराव्या शतकाच्या आरंभीचा हा काळ. तिने पतीची समाधी बांधली, महाकालीचे देऊळ नव्याने उभारले, अंचलेश्वराचाही जीर्णोद्धार केला. बादशहाने बेगमेसाठी बांधलेली आग्र्याची कबर जगास माहीत आहे. राणीने राजासाठी बांधलेली ही वास्तू तिच्यापुढे लहान आणि साधी आहे. पण ती बांधणारी बाई त्याच वेळी एक राज्य सांभाळीत होती. सहलीतील मुलींना हे सांगितल्यावर त्या समाधीभोवती आणखी एक फेरी मारतात. महाकालीच्या यात्रेस चैत्रात मराठवाड्यापासून आणि तेलंगणापासून लोक लोटतात. त्यांतल्या पुष्कळांस देऊळ बांधणारीचे नाव ठाऊक नसते.

१७५१ मध्ये हे राज्य नागपूरकर भोसल्यांकडे गेले. मे १८१८ मध्ये इंग्रजांच्या तोफांनी तटास खिंडार पाडले आणि किल्लेदार गंगासिंग जाट लढता लढता पडला. राजवाड्याचा कोट पुढे तुरुंग झाला. आजही तो तुरुंगच आहे, म्हणून आत जाता येत नाही. येथेच मोलमपल्लीचे राजगोंड जमीनदार बाबुराव शेडमाके यांस २१ ऑक्टोबर १८५८ रोजी फाशी देण्यात आले. त्यांचे वय पंचविशीचे होते. शाळेच्या वरच्या वर्गातील मुलापेक्षा आठ-नऊ वर्षांनी मोठे, एवढेच. अशा जागी भाषण करू नये, तारीख सांगावी आणि पुढे चालावे.

आता जे सांगावयाचे ते जरा कडू आहे. तट अकरा किलोमीटर आहे हे खरे, परंतु कित्येक वर्षे त्याचा मोठा भाग झुडपांनी, वेलींनी आणि लोकांनी टाकलेल्या केरकचऱ्याने झाकून गेला होता. तोफांनी जेवढे पाडले नाही तेवढे पिंपळाच्या मुळ्या पाडतात. पक्षी बी टाकतो, दगडांच्या सांध्यात ते रुजते, मूळ चुना फोडून आत शिरते, पावसाचे पाणी त्या वाटेने तटाच्या पोटात उतरते, आणि दहा-वीस वर्षांनी एका रात्रीत बुरुजाचा दर्शनी भाग कोसळतो. झाड नुसते वरून छाटल्याने काम होत नाही, मूळ मारावे लागते. ज्यांच्या घराची भिंत तटास लागून आहे त्यांना तो दगडांची फुकट खाण वाटू लागला की उरलेले काम माणूस करतो. १ मार्च २०१७ पासून इको-प्रो या स्थानिक संस्थेच्या तरुणांनी हाती कुदळ-फावडे घेऊन रोज सकाळी हा तट साफ करण्यास आरंभ केला, आणि शेकडो दिवस ते काम चालविले. साफ झालेल्या भागावरून पुढे लोक हिंडू लागले, तेव्हा शहरातील कित्येक कुटुंबांनी आपला तट प्रथमच वरून पाहिला. सहलीतील मुलांनी त्याच तटावर खिळ्याने आपले नाव कोरू नये, एवढी अपेक्षा अवाजवी नाही. पण मूल नाव कोरते तेव्हा त्याने ते घरातल्या मोठ्यांचे पाहिलेले असते.

शहराच्या दक्षिणेस लालपेठेकडे उघड्यावर पडलेल्या प्रचंड दगडी मूर्ती आहेत. रायप्पा नावाच्या कोमटी सावकाराने शिवाचे देऊळ बांधण्याचे मनात आणले, एकेका अखंड शिळेतून मूर्ती कोरून घेतल्या, आणि देऊळ उभे राहण्यापूर्वीच तो मरण पावला. मूर्ती जेथे कोरल्या तेथेच राहिल्या. त्यांतील दहा तोंडांच्या दुर्गेस लोक रावण म्हणतात. अपुरे राहिलेले काम पाहण्याची संधी मुलांना क्वचित मिळते. पुऱ्या देवळात कारागिराची रीत झाकली जाते, ती येथे उघडी आहे.

बल्लारपुरास दोन तास पुरे. वर्धेच्या काठचा किल्ला, त्याच्या बुरुजावरून दिसणारे नदीचे पात्र, आणि तेथून निघून आलेल्या राजधानीची आठवण. चंद्रपूर पाहून येथे आले, म्हणजे तुलना करता येते. बल्लारपूर हा किल्ला आहे, आत फौज राहील. चंद्रपूर हे शहर आहे, आत साळी, कोष्टी, सोनार, तेली सगळे राहतील. राज्य मोठे झाले तेव्हा राजास नुसता किल्ला पुरला नाही.

तेथून मूलमार्गे पूर्वेस गेले, की वैनगंगा लागते आणि चामोर्शीजवळ मार्कंडा. हा आता गडचिरोली जिल्हा. २६ ऑगस्ट १९८२ रोजी तो चंद्रपुरापासून वेगळा झाला. दक्षिणेकडे वाहणारी वैनगंगा येथे वळण घेऊन काही अंतर उत्तरेकडे वाहते. उत्तरवाहिनी नदीचे काठ आपल्याकडे पवित्र मानतात, आणि देवळे येथेच का याचे उत्तर त्या वळणात आहे. कोटाच्या आत लहानमोठ्या देवळांचा समूह आहे, त्यांत मुख्य मार्कंडेयाचे. ती गोंड राज्याच्या आधीची, अकराव्या-बाराव्या शतकांच्या सुमाराची मानतात. बाहेरच्या भिंतींवर मूर्तींच्या रांगा इतक्या दाट आहेत की खजुराहोची आठवण होते. कनिंगहॅम १८७३-७४ च्या दौऱ्यात या भागात आले होते आणि या देवळांचे त्यांनी सविस्तर वर्णन केले.

मुख्य देवळाच्या शिखरावर पूर्वी वीज पडून मोठी पडझड झाली होती आणि मग जमेल तशी दुरुस्ती. आपल्या काळात भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाने शिखराचे दगड उतरवून ते पुन्हा रचण्याचे काम हाती घेतले. हे काम कसे चालते ते मुलांस समजावून द्यावे. प्रत्येक दगडावर क्रमांक घालतात, त्याची जागा कागदावर नोंदवितात, मग वरून खाली एकेक थर उतरवितात, आणि झिजलेल्या वा फुटलेल्या दगडाच्या जागी नवा घडवून उलट क्रमाने चढवितात. एक क्रमांक चुकला तर वरचा थर बसत नाही. काम मोठे आहे हे कबूल. पण ते वर्षानुवर्षे रेंगाळले, आणि महाशिवरात्रीच्या जत्रेस येणाऱ्या हजारो भाविकांनी उतरलेले शिखर पाहिले. मुले हे पाहून विचारतील, ‘गुरुजी, पुरे कधी होणार?’ हा प्रश्न त्यांनी वहीत लिहून घ्यावा, आणि घरी गेल्यावर वडिलांसमोर वाचून दाखवावा.

परतीच्या वाटेवर आरमोरी तालुक्यात वैरागड आहे. खोब्रागडी आणि सतनाला या नद्यांच्या संगमाजवळचा हा किल्ला आज झाडीत बुडालेला असला, तरी याचे नाव दिल्ली-आग्र्यापर्यंत पोहोचले होते. अबुल फजलने ‘आईन-इ-अकबरी’त या भागातील हिऱ्यांच्या खाणीचा उल्लेख केला आहे. शेजारी भंडारेश्वराचे देऊळ आहे. हिरे संपले, फौज गेली, आणि खंदकात आता पावसाचे पाणी साठते. किल्ल्यात शिरताना शिक्षकांनी पुढे राहावे, कारण गवत उंच असते व साप निघतात. मोटारीत बसण्यापूर्वी डबे उघडावयाचे असतील तर नदीकाठी उघडावेत. मात्र पत्रावळी, कागद आणि बाटल्या मोजून परत पोत्यात भराव्यात, मुले मोजतात तशाच.